उटण्यापासून क्रीमपर्यंत : सौंदर्यप्रसाधनं आणि आपली त्वचा

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत एका त्वचारोगतज्ज्ञ भगिनींनी दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



गणपतीसमोर कीर्तन शोभतं, गाणं शोभतं. त्वचारोगाच्या डॉक्टरनं इथं उभं राहून काय सांगायचं, अशी शंका कुणाच्या मनात आली असेल तर ती रास्त आहे. पण मला विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. बाप्पाच्या जन्माची कथाच आमच्या विषयातली आहे. पार्वती स्नानाला बसली, अंगाला लावलेलं उटणं मळासकट निघालं, त्याचं तिनं एक बालक घडवलं आणि त्याला दारावर राखणीला बसवलं. लहानपणी आपण सगळ्यांनी ही कथा ऐकली आहे.

या कथेतल्या दोन गोष्टी आज माझ्या कामाच्या आहेत. उटणं लावलं जातं ते काढून टाकण्यासाठी. मळ, घाम, जास्तीचं तेल घेऊन ते निघून जातं. ते काही झाकत नाही. आणि जे बालक झालं ते द्वारपाल झालं. आपली त्वचासुद्धा शरीराची द्वारपालच आहे. आत काय येऊ द्यायचं, बाहेर काय जाऊ द्यायचं, हे ती चोवीस तास बघत असते. या द्वारपालाशी माणूस आजवर कसा वागला, तेच आज सांगायचं आहे.

आपल्याकडे अंगाची निगा राखण्याची परंपरा फार जुनी आणि व्यवस्थित मांडलेली आहे. वात्स्यायनानं नागरकाची, म्हणजे सुखवस्तू शहरी माणसाची, दिनचर्या लिहिली आहे. तीत रोज स्नान, दिवसाआड अंग चोळून घेणं आणि तिसऱ्या दिवशी 'फेनक', म्हणजे फेस होणारं काहीतरी, लावणं असा क्रम आहे. इथून तासाभराच्या अंतरावर असलेल्या उज्जैनशी ज्याचं नाव जोडलेलं आहे, त्या वराहमिहिरानं सहाव्या शतकात बृहत्संहितेत 'गंधयुक्ति' नावाचा अख्खा अध्याय घातला. त्यात सुगंधी चूर्णं आणि तेलं आहेत, आणि पांढरे केस काळे करायचा लोखंडाच्या भांड्यातला लेपही आहे. म्हणजे केस काळे करण्याची धडपड आपल्या पिढीनं सुरू केलेली नाही. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर यानं 'मानसोल्लास' लिहिला, त्यात राजाच्या अभ्यंगाचं आणि स्नानाचं सविस्तर वर्णन आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले परशुराम कृष्ण गोडे यांनी या जुन्या गंधशास्त्राच्या पोथ्या धुंडाळून त्यांवर लेख लिहिले, म्हणून हे आपल्यापर्यंत पोहोचलं.

पण इथंच एक सावधगिरीची सूचना देते. 'जुनं ते सोनं' हे प्रसाधनांच्या बाबतीत सरसकट खरं नाही. प्राचीन इजिप्तमध्ये डोळ्यांत जे काजळ घालत, त्यात शिशाचं खनिज असे. आपल्याकडे बाजारात मिळणाऱ्या काही सुरम्यांत आजही शिसं सापडतं, आणि असा सुरमा घातल्यानं लहान मुलांना शिशाची विषबाधा झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. शेंदूर हे तर परंपरेनं शिशाचंच संयुग. मूर्तीवर शेंदराचे लेपांमागून लेप चढतात, कारण खाली पाषाण आहे. आपल्या कपाळाखाली जिवंत त्वचा आहे. म्हणून वस्तू जुनी की नवी, देशी की विलायती, हा प्रश्न दुय्यम. त्या डबीत काय आहे, हा पहिला प्रश्न.

आपलं घरचं उदाहरण घेऊ, कुंकवाचं. खरं कुंकू हळदीचं. हळदीच्या डागावर साबण लागला की तो लाल होतो, हे धुणं धुतलेल्या प्रत्येकीनं पाहिलं आहे. हळदीतलं रंगद्रव्य क्षाराशी आलं की लाल होतं, आणि याच गुणावर कुंकू तयार होतं. सोलापूर जिल्ह्यातलं केम हे गाव कुंकवासाठीच ओळखलं जातं. पूर्वी फणेरपेटी उघडायची, कपाळावर मेणाचं बोट टेकवायचं, वर पिंजर लावायची, असा रोजचा विधी होता. पुढे स्वस्त रासायनिक लाल रंग आले, ते कुंकवात मिसळले जाऊ लागले आणि कपाळावर खाज, काळसर डाग दिसू लागले. मग आली चिकटवायची टिकली. घामानं ओघळत नाही, पसरत नाही, दोन रुपयांत पाकीट. सगळ्याजणींनी आनंदानं स्वीकारली.

माझ्या आत्यानंही स्वीकारली. मी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. आत्या हळदीकुंकवाला जाईनाशी झाली. संक्रांतीचं बोलावणं आलं की गुडघे दुखतात म्हणायची. तिची टिकली मात्र महिन्या-महिन्यानं मोठी होत होती. आधी मुगाच्या डाळीएवढी, मग पावलीएवढी, मग त्याहून मोठी. आम्ही पोरी हसायचो, आत्याला या वयात हौस आली म्हणून. एकदा दुपारी ती झोपली असताना टिकली निघाली होती. खाली पांढराशुभ्र गोल डाग होता.

तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "कुणाला सांगू नकोस गं. ताईचं लग्न व्हायचंय अजून."

तिला वाटलं होतं, कोड आलं. आणि घरात कोड आहे असं कळलं तर मुलीचं स्थळ मोडेल. मला तेव्हा काही कळत नव्हतं. चार-पाच वर्षांनी पदव्युत्तर शिक्षण घेताना ओपीडीत असेच गोल डाग घेऊन आलेल्या बायका पाहिल्या, तेव्हा उलगडा झाला. टिकलीच्या डिंकात पॅरा-टर्शरी ब्युटाइल फिनॉल नावाचं रसायन असू शकतं. ते काही जणींच्या त्वचेतल्या रंग तयार करणाऱ्या पेशी मारतं. आमच्या शास्त्रात याला 'बिंदी ल्युकोडर्मा' असंच नाव आहे. डाग दिसला तेव्हाच टिकली थांबवली असती आणि उपचार घेतले असते, तर रंग बराचसा परत येण्याची शक्यता होती. पण आत्यानं काय केलं? डाग लपवायला आणखी मोठी टिकली लावली. म्हणजे ज्यानं इजा झाली तेच आणखी पसरून लावलं. मला कळेपर्यंत उशीर झाला होता. तिचा तो डाग शेवटपर्यंत राहिला.

मंडळी, आत्याची ही गोष्ट तिच्या एकटीची नाही. प्रसाधनांचा इतिहास वाचताना ती मला पुन्हा पुन्हा भेटली.

प्राचीन ग्रीसमध्ये शिशाच्या पत्र्यांना शिरक्याच्या वाफा देऊन पांढरी भुकटी तयार करत आणि ती चेहऱ्याला लावत. त्यांच्या कबरींमध्ये अशा भुकटीच्या वड्या असलेल्या डब्या सापडल्या आहेत. ही शिशाची सफेदी पुढे युरोपात शतकानुशतकं चालली. अठराव्या शतकात मारिया गनिंग नावाची आयरिश सुंदरी लंडनमध्ये गाजत होती. ती कॉव्हेंट्रीच्या अर्लची पत्नी झाली. तिला या सफेदीचं वेड होतं. चेहऱ्यावर चट्टे उठले की ते झाकायला ती आणखी थर चढवी. १७६० साली, तिशी गाठायच्या आतच, ती गेली आणि तिच्या मृत्यूचं खापर तेव्हाच्या लोकांनी या सफेदीवरच फोडलं. आत्याची टिकली आणि गनिंगबाईंची सफेदी यांत अडीचशे वर्षांचं आणि सात समुद्रांचं अंतर आहे. चूक तीच आहे.

आता आपल्या काळात येऊ. इथून जवळच्या झालरापाटणहून मुंबईत गेलेल्या ई. एस. पाटणवाला यांनी १९१९ साली 'अफगाण स्नो' आणलं. आपल्या आज्यांच्या ट्रंकेत त्याची निळी बाटली असायची. १९५२ साली टाटांनी 'लॅक्मे' सुरू केलं. १९७५ साली 'फेअर अँड लव्हली' बाजारात आलं आणि २०२० साली त्या नावातलं 'फेअर' गेलं. नाव बदललं, पण आपल्या मनातलं बदललं का? स्थळांच्या जाहिराती वाचा. शिक्षण, नोकरी, पगार, आणि मध्येच 'गोरी' किंवा 'गव्हाळ, उजळ'. 'सावळी' हा शब्द आपण विठ्ठलासाठी प्रेमानं वापरतो. बायोडेटात लिहिताना मात्र हात अडखळतो.

आणि या अडखळण्यावरच एक मोठा बाजार उभा आहे. त्यातल्या दोन गोष्टींबद्दल मी आज हात जोडून सांगणार आहे.

पहिली पारा. पाऱ्याची संयुगं त्वचेत रंग तयार होण्याची क्रिया अडवतात, म्हणून चेहरा उजळतो. पण तोच पारा त्वचेतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात जातो. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांना जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे रुग्ण सापडले. लघवीतून प्रथिनं जातात, पाय सुजतात. कारण शोधता शोधता लक्षात आलं की त्यांतले बरेच जण गोरं करणारी क्रीमं लावत होते. क्रीम थांबवल्यावर बहुतेकांना उतार पडला. घरात एकानं असं क्रीम लावलं तरी पाऱ्याचा अंश टॉवेल, उशी यांवाटे मुलांपर्यंत जातो. ओळखायची एक खूण सांगते. सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका, अशी सूचना क्रीमच्या वेष्टनावर असेल तर ते तत्क्षणी ठेवून द्या. सोन्याला जे चालत नाही ते गालाला कसं चालेल? उत्पादकाचं नाव, पत्ता आणि घटकांची यादी नसलेली, पार्लरमध्ये किंवा ओळखीतून सुट्ट्या डबीत मिळणारी क्रीमंही घेऊ नका.

दुसरी गोष्ट स्टेरॉइड. चेहऱ्यावर लावायचं स्टेरॉइड हे उत्तम औषध आहे, १९५२ पासून वापरात आहे, मीसुद्धा लिहून देते. पण किती दिवस आणि कुठे, हे ठरवून. १९७५ साली अमेरिकेत क्लिगमन आणि विलिस या डॉक्टरांनी वांगावर तीन औषधांचं मिश्रण सुचवलं, त्यात एक स्टेरॉइड होतं. आपल्याकडे तसल्या मिश्रणाच्या ट्यूबा गोरेपणाचं क्रीम म्हणून काउंटरवरून विकल्या गेल्या. २०१८ साली सरकारनं अशी अनेक स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी ती मिळतात.

गेल्या वर्षी एक मुलगी आली. साखरपुडा झालेला, दोन महिन्यांवर लग्न. मैत्रिणीनं सांगितलेली ट्यूब औषधाच्या दुकानातून चाळीस रुपयांत आणली होती. पहिल्या पंधरा दिवसांत चेहरा खरंच उजळला, सगळ्यांनी कौतुक केलं. तिसऱ्या महिन्यात मुरुमं, गालांवर लालसर केशवाहिन्यांची जाळी, हनुवटीवर लव. ट्यूब बंद केली की चेहरा पेटल्यासारखा व्हायचा, म्हणून पुन्हा लावायची. तिची आई म्हणत होती, "मॅडम, बस शादी तक निकल जाए." स्टेरॉइडनं त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या आधी आकसतात आणि मग सैलावतात. सोडावं तर जळतं, लावावं तर आणखी बिघडतं. मला पुन्हा आत्याची टिकली आठवली. त्या मुलीला मी सांगितलं, की सुधारायला काही महिने लागतील, लग्नात चेहरा थोडा लाल दिसेल, आणि नवऱ्या मुलाला खरं सांगून टाक. तिनं सांगितलं. लग्न ठरल्या तिथीला झालं. फोटोत तिचे गाल लालसर आहेत, आणि तो फोटो तिनं मला स्वतःहून पाठवला.

हीच मलमं लोक गजकर्णावर लावतात. खाज दोन दिवस थांबते, बुरशी मात्र आत पसरत राहते. घरातल्या पाचही जणांना गजकर्ण, असं चित्र आम्ही आता नेहमी पाहतो.

आता त्वचेबद्दल थोडं. मोठ्या माणसाची त्वचा अंथरली तर दीड ते दोन चौरस मीटर भरेल. तिचा वरचा थर साधारण महिन्याभरात नवा होतो. सर्वांत वरच्या पेशी विटांसारख्या आणि त्यांच्यामध्ये स्निग्ध पदार्थांचा चुना, अशी भिंत कल्पा. ही भिंत किंचित आम्ल असते, तर वडीचा साबण क्षारीय असतो. म्हणून रोज घासून घासून साबण लावला की चुना निघतो, भिंत फुटते आणि खाज सुटते. आणि रंग? गोऱ्या आणि काळ्या माणसाच्या त्वचेत रंगपेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक पडतो तो त्या किती आणि कसं रंगद्रव्य बनवतात याचा. हे रंगद्रव्य पेशीच्या केंद्रावर छत्रीसारखं उभं राहून उन्हापासून तिचं रक्षण करतं. आपण जिला डाग समजून पुसायला निघतो, ती निसर्गानं दिलेली छत्री आहे.

मग करायचं काय? माझ्याकडे गुपित नाही. पाच साध्या गोष्टी आहेत.

एक, स्नान थोडक्यात आणि कोमट पाण्यानं. साबण काखा, जांघा, पावलं इथं पुरे. साठीच्या पुढच्या मंडळींना माळव्याच्या थंडीत जी खाज सुटते, ती बहुतेक वेळा कडक पाणी आणि जास्त साबण यांचीच असते. अंग ओलसर असतानाच खोबरेल किंवा साधं मॉइश्चरायझर लावा.

दोन, ऊन. टोपी, छत्री, पदर हे पहिले. बाहेर काम असेल तर एसपीएफ तीस किंवा अधिक असलेलं सनस्क्रीन. चेहरा आणि मानेला दोन बोटांच्या लांबीइतकं, आणि दोन-तीन तासांनी पुन्हा. सावळ्यांनाही ते लागतं, कारण वांग उन्हानंच वाढतो.

तीन, नवीन काहीही आधी कोपराच्या आत किंवा कानामागे लावून दोन दिवस थांबा. हे विशेषतः केसांचा कलप आणि काळी मेंदी यांसाठी. त्यांतल्या पीपीडी या रसायनाची ॲलर्जी जबरदस्त असते. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत अशाच रंगद्रव्याच्या पापण्यांच्या प्रसाधनानं बायकांची दृष्टी गेली, त्यानंतर १९३८ साली तिथं प्रसाधनांचा कायदा आला. आपल्याकडे १९४० चा औषधांचा कायदा होता, त्यात प्रसाधनं १९६२ च्या दुरुस्तीनं आली. कायदा आहे, पण कानामागे लावून बघायचं काम आपलंच.

चार, लिंबाचा रस, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट यांपैकी काही चेहऱ्याला लावू नका. लिंबू लावून उन्हात गेलात तर भाजल्यासारखे डाग पडतात. उटणं जरूर लावा, पण मऊ हातानं. मुरुमांवर घासू नका. आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत नाचायचं असेल तर आधी अंगाला तेल लावा, म्हणजे गुलाल लवकर निघेल.

पाच, काही खुणा दिसल्या तर घरी काहीही न लावता डॉक्टरांकडे या. स्पर्श न कळणारा बधिर डाग, आकार किंवा रंग बदलणारा तीळ, महिन्याभरात न भरणारी जखम. मधुमेह असेल तर पायाच्या भेगासुद्धा. बधिर डाग कुष्ठरोगाचा असला तरी तो आज पूर्ण बरा होतो आणि औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं. लपवला तरच हात-पाय निकामी होतात.

लपवण्याचा विषय निघालाच आहे, तर शेवटचं सांगते. लाली, काजळ, टिकली, नटणं-मुरडणं यांना माझा मुळीच विरोध नाही. मी स्वतः आज तुमच्यासमोर नटून आले आहे. आपल्या गौरीसुद्धा नटतात. हौसेनं लावलेलं रात्री धुऊन टाकता येतं. भीतीनं लावलेलं सुटत नाही. आत्या भीतीनं लावत होती, आणि ती भीती तिला आम्हीच घातली होती. तुम्ही, मी, हळदीकुंकवाला जमणाऱ्या आपण सगळ्यांनी. कोड हा संसर्गजन्य रोग नाही. शेजारी बसल्यानं, एका ताटात जेवल्यानं तो होत नाही. हे तिला त्या वेळी चारचौघीत कुणी सांगितलं असतं, तर तिनं टिकली काढून दवाखाना गाठला असता.

म्हणून या मांडवातून घरी जाताना एवढंच करा. घरातली प्रत्येक डबी, ट्यूब एकदा उजेडात आणून वाचा. आणि आपल्या लेकी-सुनांपैकी कुणाच्या चेहऱ्यावर डाग दिसला तर "हे काय झालं गं तुला?" असं चारचौघात विचारू नका. एकीकडे बोलवा आणि म्हणा, "चल, मी येते तुझ्याबरोबर डॉक्टरांकडे."

गणपती बाप्पा मोरया. प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्या. नाव लिहिलं नाहीत तरी चालेल.